आतेला नाकारलेला प्याला

बाबा, तुमच्या बहिणीनं प्रभुभोजन मागितलं. तुम्ही तिला ते नाकारलंत त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, तुम्हाला जाऊनही बावीस झाली. आते आता ऐंशीच्या पुढे आहे, दरेकशाजवळच्या आपल्या गावात अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अधू, आणि ती म्हणते मले प्रभूची भाकर अन् प्याला पाहिजे. हे सांगायला आपल्या मंडळीचे नवे पाळक मोटारसायकलवरून गोंदियाला माझ्या घरी आले. तिशीही न गाठलेला माणूस, बोलायला नम्र, पण पिशवीत मंडळीची जुनी वही घेऊन आलेला, म्हणजे चौकशीच. वहीत तुमचं अक्षर, तेव्हा मंडळीचे प्रचारक तुम्हीच. आतेच्या नावापुढे ‘प्रभुभोजनातून वगळले’ आणि कारणाच्या रकान्यात ‘मोहाची दारू काढते’. परत घेतल्याची नोंद कुठेच नाही. पाळक म्हणाले, "ताई, रीतीप्रमाणे तिनं मंडळीपुढे पश्चात्ताप करायला पाहिजे. पण ती म्हणते, मी कायचा पश्चात्ताप करू, ज्यानं काढलन त्यालेच इचारा. आता तुमचे बाबा तर नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?" मी चहा ठेवते म्हणून उठले. उत्पादन शुल्क खात्यात जवान म्हणून इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की प्रश्न ऐकल्या ऐकल्या जो माणूस उठतो त्याला काहीतरी माहीत असतं.

संशय घेणं मला खात्यानं शिकवलं असं लोकांना वाटतं. तुम्हाला तरी खरं माहीत आहे. मी चौथी-पाचवीत होते तेव्हापासून तुम्ही मला घरात थोमा म्हणत होतात. मंडळीतल्या पोरांना तुम्ही थोमाची, जखमा पाहिल्याशिवाय येशू मरणातून उठला हे न मानणाऱ्या शिष्याची गोष्ट सांगत होतात, ती माझ्याकडे बघून. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे वाक्य आलं की तुमचा आवाज चढायचा आणि पोरं माझ्याकडे वळून हसायची. मला राग यायचा. गोष्ट तुम्ही अर्धीच सांगता असं मला तेव्हाही वाटायचं, कारण मी पुढेमागे वाचून ठेवलेलं असायचं. येशूनं थोमाला मंडळीतून काढलं नाही, घालूनपाडून बोललाही नाही. आठ दिवसांनी पुन्हा आला आणि म्हणाला, हे हात बघ, इथं बोट घाल. थोमानं मागितलेला पुरावा त्याला मिळाला, बाबा. त्यानं थोमाला जखमा दाखवल्या, तुम्ही मला साधं पातेलं दाखवलं नाहीत.

ते पातेलं महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चुलीवर चढायचं. माय चुलीशी आणि तुम्ही तिच्या मागे उभे. एरवी तुम्ही चुलीकडे फिरकत नव्हतात, कोरा चहासुद्धा अंगणातून हाक मारून मागायचात, पण त्या दुपारी जातीनं हजर. आम्हा पोरांना बाहेर काढून दाराला आडणा लावायचा. मंडळीत सगळ्यांना सांगितलेलं होतं की गोंदियाहून मनुका येतात, त्या रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून प्रभूचा प्याला तयार होतो. आपल्या भागात द्राक्षं कोणी पाहिलेली नव्हती, मनुका तरी कोणी नीट पाहिल्या होत्या? एकदा आडणा नीट बसला नव्हता आणि मी आत डोकावले. परातीत भिजून फुगलेलं, तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी होतं. मला त्या मनुकाच वाटल्या. वास मात्र ओळखीचा होता, चैत्रात जंगलात पहाटे माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला जातात तेव्हाचा. मी नाक पुढे करून जोरात श्वास घेतला. तुम्ही मागून माझ्या पाठीत धपाटा घातलात आणि म्हणालात, "कुत्र्यावानी वास काऊन घेऊन राहिली? प्रभूचं हाय ते." मी रडत अंगणात गेले. धपाट्यापेक्षा तो ‘कुत्र्यावानी’ शब्द मला जास्त लागला.

आते त्याच वर्षी मंडळीत आली होती. नवरा गेलेला, पदरी काही नाही, दोन एकर धानाचं शेत तेही पावसाच्या भरवशावर. ती मोहाची दारू काढायची हे सगळ्या गावाला माहीत होतं. बारसं असो की मयत, देवपूजा असो की कचारगडची यात्रा, आपल्या जुन्या रीतीत मोहाशिवाय पान हलत नाही, आणि लोक तिच्याकडूनच न्यायचे. बाप्तिस्मा घेताना तिनं भट्टी बंद करते म्हणून शब्द दिला होता. तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं करून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला होतात की माझी बहीण हरवली होती आणि सापडली. मग माझ्या त्या धपाट्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा पहिला रविवार आला. बायकांच्या ओळीत ती शेवटी बसली होती, मी तिच्या मांडीला मांडी लावून. पितळी प्याला फिरत आला, तिनं दोन्ही हातांनी घेतला, ओठांना लावला आणि थांबली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजही विसरत नाही. ते हसूच होतं, दाबलेलं. तिनं घोट घेतला, प्याला पुढे दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर आम्ही तिघी होतो, आते, माय आणि मी. आते हंडा घासता घासता मायला म्हणाली, "वयनी, भाऊ मोठा हुशार होय वो. माहाच मोहा मले पाजलन." आणि खळखळून हसली. माय हसली नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं, हंडा अर्धाच भरलेला उचलला आणि चालू लागली. बस्स, एवढंच झालं होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचलात. जो अयोग्य रीतीनं ही भाकर खातो आणि हा प्याला पितो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो, ते वचन. त्यावर तासभर बोललात. मोहाचा धंदा करणारे हात आणि प्रभूच्या मेजाला लागणारे हात एक असू शकत नाहीत, असं म्हणालात. भाकरीची थाळी आतेपर्यंत आली तेव्हा तुम्ही स्वतः उठून ती तिच्यावरून पुढे नेलीत. ती म्हणाली, "भाऊ, मी भट्टी बंद केली ना." तुम्ही म्हणालात, "मले माहीत हाय तू का करून राहिली अन् का बोलून राहिली." ती उठून गेली नाही. प्याला तिच्यावरून जाईपर्यंत बसून राहिली, गाणं झालं, प्रार्थना झाली, मग उठली. त्यानंतर ती कधी आली नाही, आणि काही महिन्यांनी तिची भट्टी पुन्हा पेटली. तुम्ही म्हणालात, पाहा, मी म्हणत नव्हतो?

मला आत्तापर्यंत तुमच्याविषयी जो संशय आहे तो इथला आहे. वहीत लिहिलेलं कारण एक आणि खरं कारण दुसरं, असा. खात्यात आम्ही याला बनावट पंचनामा म्हणतो. आतेची भट्टी तेव्हा थंड होती, तुम्ही रोज त्या वाटेनं सायकल नेत होतात, तुम्हाला दिसत नव्हतं का?

सायंकाळच्या शास्त्राभ्यासात एकदा एका धानाच्या मजुरानं विचारलं होतं, आठवतं? "प्रचारकसाहेब, येशूनं लग्नात पाण्याची दारू केलन म्हणता, मंग आमची काऊन सोडवून राहिले?" सगळे हसले. तुम्ही लगेच सांगितलंत की तो ताजा रस होता, त्यात नशा नव्हती. तो माणूस मान हलवून बसला. मी काना गावच्या लग्नाचा तो अध्याय नंतर पुष्कळदा वाचला, आणि खात्यात गेल्यावर तर आमच्याच नजरेनं वाचला. सहा दगडी रांजण, काठोकाठ भरलेले. भोजनाचा कारभारी म्हणतो, लोक आधी चांगला द्राक्षारस देतात आणि पाहुणे भरपूर प्याले की मग हलका काढतात, तू चांगला आतापर्यंत ठेवलास. ताज्या रसाविषयी असं कोणी बोलतं का, बाबा? पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, ते वचन तुम्ही मंडळीत एकदाही वाचलं नाहीत. मी वाट पाहत होते. मला कळतं का वाचलं नाहीत. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची घरं दारूनं धुऊन नेलेली होती, आणि तुमच्यामुळे ती सावरली, हे मी नाकारत नाही. पण शास्त्रातली अवघड पानं झाकून ठेवणारा माणूस आणखी काय काय झाकत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हाच बसला.

नोकरी लागली आणि पहिलाच छापा सालेकशाच्या जंगलात नाल्याकाठी पडला. सकाळची वेळ. प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोहफुलांचा आंबवलेला सडवा, आणि बाजूला एका पातेल्यात कोणीतरी नुसती फुलं उकळत ठेवलेली, बहुतेक गुरांसाठी. साहेब म्हणाले झाकण काढ. मी काढलं, वाफ तोंडावर आली आणि माझे हात आपोआप जोडले गेले. खोटं नाही सांगत. तो प्रभुभोजनाचा वास होता. लहानपणापासून दर महिन्याला बायकांच्या ओळीत बसून ज्या वासाला मी डोळे मिटले होते, तो. हवालदार हसले, म्हणाले, "मॅडम, भट्टी को नमस्ते कर रही हो क्या?" सगळे हसले.

त्या आठवड्यात मी गावी आले आणि तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही ओसरीवर बसला होतात. मी म्हटलं, बाबा, प्याल्यात मनुका होत्या की मोहा? तुम्ही माझ्या वर्दीकडे पाहिलंत. मग म्हणालात, "घरात पोलीस बनून येऊ नको." एवढंच. हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. जेवणं झाल्यावर तुम्ही आतून नवंकोरं पवित्र शास्त्र आणून माझ्या हातात दिलंत, नोकरी लागल्याची भेट म्हणून. आधीच आणून ठेवलं होतंत. पहिल्या पानावर काही लिहिलं नव्हतं, नाव नाही, वचन नाही. मी तेही पान उन्हाला धरून पाहिलं, काही खोडलं आहे का म्हणून. असा माझा स्वभाव. तुम्ही मला प्रेमानं काही द्यावं आणि मी त्यात खाडाखोड शोधावी.

तुम्ही गेल्यावर तुमचं जुनं शास्त्र माझ्याकडे आलं. करिंथकरांच्या अकराव्या अध्यायात ‘अयोग्य’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. पण मी तो अध्याय त्या वचनाच्या आधीपासून वाचला, तुम्ही मंडळीत कधी वाचला नाहीत तसा. पौल कोणावर चिडला आहे ते तिथं लख्ख लिहिलं आहे. करिंथात ज्यांच्याकडे होतं ते आधी बसून खाऊन-पिऊन घेत होते, कोणी झिंगत होतं, आणि गरीब उशिरा येऊन उपाशी राहत होते. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली पाहायला लावता काय, असं तो विचारतो. अयोग्य रीतीनं खाणं म्हणजे हे. आणि शेवटी सांगतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे ज्या वचनानं तुम्ही एका विधवेवरून थाळी पुढे नेलीत, ते वचन मुळात थाळी पुढे नेणाऱ्यांसाठी होतं. हे तुम्हाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तुम्ही अडाणी नव्हतात. इथंच माझा तुमच्यावरचा राग येऊन थांबतो आणि पुढे जात नाही.

पाळक येऊन गेल्यावर मी आतेकडे गेले. सकाळची पॅसेंजर धरली, दरेकशाला उतरले, तिथून चालत. आतेनं पावलांवरून ओळखलं. "आलीस का वो पोरी? दारू पकडाले आली का?" म्हटलं, तुझी भट्टी बंद होऊन दहा वर्षं झाली, काय पकडू. मी तिच्या खाटेशी बसले आणि विचारलं, आते, तुला त्या दिवशी प्याल्यात मोहा आहे हे खरंच कळलं होतं का? ती म्हणाली, "मले का माहा मोहा वयखाले नाही येत? तुया बापच नेत होता माह्या घरून. पयले म्हणे गाईले पाजाचा हाय. पावसात रस्ता बंद झालता, गोंदियावरून काही आलं नाही, त म्हणे दे टोपलीभर. मंग दर महिन्याले याले लागला." मी विचारलं, मग तुला वगळल्यावर? "वगळल्यावर बी येत राहिला. मागच्या दारानं. मान खाली घालून उभा राहे. मी टोपली सरकवून देत होती."

मी म्हटलं, काऊन देत होतीस आते? तुला त्यानं मेजावरून उठवलं आणि तू त्याच मेजासाठी फुलं देत होतीस? ती माझ्यावरच खेकसली. "मंग का करू? सारा गाव येशूच्या नावानं मांडी घालून बसून राहिला, त्यायले कोरड्या तोंडानं उठवू का?" मग म्हणाली, "एक खेप तो म्हणे, बाई, येशू आपल्या गावात जलमला असता त त्यानं बी हेच हाती घेतलं असतं. मी म्हणली, मंग हे तिथं उभं राहून सांग ना सगळ्यायले. त उठून गेला."

बाबा, हे वाक्य तुम्ही मला सांगितलं असतंत तर. मी ते घेऊन आयुष्यभर भांडले असते, तुमच्या बाजूनं. येशूनं त्या रात्री जे घरात होतं तेच उचललं होतं, त्या लोकांची रोजची भाकर, त्यांचा रोजचा द्राक्षारस. आपल्या घरात मोहा होता. यात लाज कसली? तरी माझा स्वभाव गप्प बसत नाही. हा विचार तुम्हाला आधी सुचला आणि मग तुम्ही फुलं नेलीत, की फुलं नेऊन झाल्यावर स्वतःची समजूत घालायला तो शोधलात? मला ठरवता येत नाही. आणि हेही समजत नाही, की तुम्ही मागच्या दारानं दर महिन्याला जात होतात ते फुलांसाठीच, की बहिणीचं तोंड पाहायला.

मी पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना सगळं सांगितलं. सांगताना तुमचं नाव जाणार हे मला माहीत होतं, आणि गेलं. प्रार्थनाघरात तुमचा फोटो आहे, त्याच्याच खाली बसून सांगितलं. पंचांपैकी एक रेल्वेतून निवृत्त झालेले, गँगमन होते. त्यांच्या वडिलांची दारू तुम्ही सोडवली होती. ते उभेच राहिले. "म्हणजे माह्या बापाले यायनं दर महिन्याले मोहा पाजला? आमचे इतक्या सालाचे प्रभुभोजन खोटे का जी?" पाळकांनी शास्त्र उघडलं, द्राक्षवेलीचा उपज असे शब्द आहेत ते वाचलं, आणि मग प्रामाणिकपणे म्हणाले की याचं उत्तर मला कोणी शिकवलेलं नाही. दुसऱ्या पंच म्हणजे एक म्हातारी बाई, आतेच्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "तोंडात का पडलं ते देव पायते, का कोणाची याद करून प्यालो ते पायते? तुया बाप सुधरला ना? मंग बस खाली." ते बसले, पण फोटो उतरवा म्हणाले. तो अजून उतरवलेला नाही. त्यावर पुन्हा बैठक आहे. आतेविषयी मात्र ठरलं, पश्चात्ताप नको, तिच्या घरी जाऊन द्यायचं. पाळकांनी वहीत तुमच्या ओळीखाली तारीख टाकून लिहिलं, ‘परत घेतले’. मला बरं वाटलं. एवढी वर्षं धरून ठेवलेला खटला मी जिंकले असं वाटलं, हेही सांगून टाकते.

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही तिघं तिच्या घरी गेलो, पाळक, त्या म्हाताऱ्या बाई आणि मी. पाळकांनी गोंदियाहून द्राक्षाच्या रसाचा डबा आणला होता. आतेला उशीला टेकवून बसवलं. ती लुगडं नेसून, केसांना तेल लावून तयार होती. पाळकांनी वचन वाचलं, माणसानं आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या प्याल्यातून प्यावं. ते प्याला पुढे करणार तेवढ्यात आते म्हणाली, "थांबा जी पाळकसाहेब." आणि माझा हात शोधून धरला. "पोरी, हापशीवर आपण तिघीच होतो. मी, तुई माय अन् तू. भावाले कोणं जाऊन सांगतलन? तुया मायनंच ना? मी त्या दिवसापासून तिच्या संग बोलली नाही. तिच्या मातीले बी गेली नाही. मनात धरून हे घेऊ नये, तुया बापच सांगे. मायनंच ना वो?"

मी हो म्हटलं.

आते म्हणाली, "मंग माफ केली तिले," आणि तिनं प्याला घेतला. एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं, "लय गोड हाय जी" म्हणाली, आणि रडायला लागली. त्या म्हाताऱ्या बाईही रडल्या. मग पाळकांनी माझ्यापुढे प्याला धरला. मला म्हणता आलं असतं की मी सकाळी मंडळीत घेतलंय. मी घेतला आणि प्याले.

मायनं सांगितलं नव्हतं, बाबा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हापशीच्या त्याच दिवशी तुम्ही अंगणात सायकलचं पंक्चर काढत होतात, आणि मी येऊन तुमच्याजवळ उकिडवी बसले. दोन दिवसांपूर्वी तुम्ही मला कुत्र्यावानी म्हणाला होतात, ते मला पुसून टाकायचं होतं. मी सांगितलं की आते हापशीवर साऱ्या बायांना सांगून राहिली, प्याल्यात मोहा हाय म्हणून, अन् साऱ्या हसून राहिल्या. साऱ्या बाया कुठल्या, आम्ही तिघीच होतो. ते मी मनानं जोडलं. तुम्ही हातातली ट्यूब खाली ठेवलीत, तुमचा चेहरा उतरला, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, बरं केलं सांगितलंस. मला फार आनंद झाला होता. तुम्ही घाबरला होतात हे मला आज कळतं. नुकती सावरलेली मंडळी आपल्या हातून फुटणार या भीतीनं तुम्ही बहिणीला बाहेर काढलंत. मी मात्र चाळीस वर्षं तुमचीच झडती घेत बसले, कारण तुमची घेत होते तोवर माझी घ्यावी लागत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

पाळकांचा काल फोन आला होता. आते अजून पेज घेते, माणसं ओळखते, मला विचारत होती म्हणाले. सकाळच्या पॅसेंजरनं तासाभराची वाट आहे. हे सगळं खरं तर तिला सांगायचं आहे, आणि कागद घेऊन बसले तेव्हा वर तिचंच नाव लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही वाचणार नाही.